एकचाकी गाड्यांनी जिंकलेली लढाई
चीनमधील यादवी युद्ध : लेखांक पाचवा

मांचुरिया सरकारच्या हातून कसा गेला, ते मागच्या लेखात पाहिले. २ नोव्हेंबर १९४८ रोजी शेनयांग पडले आणि चारच दिवसांनी, दूर दक्षिणेला श्युचौ शहराभोवती हुआईहाईच्या लढाईला तोंड फुटले. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण जाणारे दोन मोठे लोहमार्ग श्युचौला एकमेकांना छेदतात. ते हातचे गेले की यांगत्से नदीपर्यंत सपाट मैदान, आणि नदीपलीकडे सरकारचे अध्यक्ष चँग कै शेक यांची राजधानी नानजिंग.

चिनी इतिहासकारांच्या हिशेबाने सरकारचे सैन्य सुमारे आठ लाख होते आणि कम्युनिस्टांचे सहा लाख. विमाने आणि रणगाडे सरकारकडेच. तरीही दोन महिन्यांत सरकारी फौजेचा धुव्वा उडाला. असे का झाले?

पहिली चूक घडली ती एका पुलावर. श्युचौच्या पूर्वेला सेनापती हुआंग बाइताओ यांची फौज होती. तिला पश्चिमेकडे माघार घ्यायची होती, पण किनाऱ्याकडून येणाऱ्या एका तुकडीची वाट पाहण्यात मोलाचा वेळ गेला. वाटेत मोठा कालवा होता आणि त्यावर रेल्वेचा एकच पूल. तात्पुरते पूल कोणी बांधलेच नव्हते. सैनिक, तोफा, गाड्या आणि सोबत निघालेले नागरिक त्या एका पुलावर खोळंबले. त्यातच ८ नोव्हेंबरला उत्तरेची फळी सांभाळणारे दोन सरकारी सेनानी वीस हजारांहून अधिक सैनिकांसह कम्युनिस्टांना मिळाले. त्या खिंडारातून कम्युनिस्ट सेनापती सू यू यांचे सैन्य आत शिरले आणि नियानच्वांग या खेड्यात हुआंग अडकले. मदतीला निघालेल्या फौजा काही मैल अलीकडेच अडवल्या गेल्या. २२ नोव्हेंबरला हुआंग यांचा अंत झाला.

दुसरी चूक थेट नानजिंगहून आली. श्युचौ सोडून सेनापती दू युमिंग अडीच लाखांहून अधिक लोकांसह नैर्ऋत्येकडे निघाले होते. वेगाने चालत राहिले असते, तर कदाचित निसटलेही असते. पण ३ डिसेंबरला विमानातून चँग यांची चिठ्ठी पडली : वळा, आणि दक्षिणेला वेढ्यात सापडलेल्या हुआंग वेई या दुसऱ्या सरकारी सेनापतीच्या फौजेला सोडवा. दू थांबले, वळले, आणि तेवढ्या अवधीत त्यांच्याभोवतीचा वेढा आवळला गेला. हुआंग वेई यांची फौज १५ डिसेंबरला संपली. सरकारच्या संरक्षण मंत्रालयात मोहिमांची आखणी करणारे क्वो रुग्वेई हे आतून कम्युनिस्टांचे होते, हेही इथे लक्षात ठेवायला हवे.

मग बर्फ पडू लागला. विमाने उडेनात, धान्य येईना. दू यांच्या सैनिकांनी घोडे मारून खाल्ले, उबेसाठी थडगी उकरून शवपेट्यांची लाकडे जाळली. समोरच्या खंदकांतून कर्ण्यावर हाक येई : इकडे या, पोटभर जेवा. हजारो सैनिक गेले. ६ जानेवारी १९४९ ला अखेरचा हल्ला झाला आणि १० तारखेला दू कैद झाले.

ते जेवण आले कुठून? माझ्या मते या लढाईचा खरा उलगडा इथे आहे. अधिकृत चिनी आकड्यांनुसार पन्नास लाखांहून अधिक शेतकरी कम्युनिस्टांच्या रसदीसाठी राबले. लाकडी एकचाकी गाडी, दोन्ही बाजूंना धान्याची पोती, दांड्यांना बांधलेला पट्टा ढकलणाऱ्याच्या खांद्यावर आणि पुढे दोर ओढणारा जोडीदार. शांडोंगमधल्या तांग हअन या शेतकऱ्याने वाटेतल्या गावांची नावे आपल्या बांबूच्या काठीवर कोरली. ती ८८ भरली. बायकांनी घरी धान्य दळले, सैनिकांसाठी बूट शिवले. हा विजय शेतकऱ्यांनी गाड्यांवरून ढकलत आणला, असे कम्युनिस्ट सेनापती चेन यी म्हणत.

ही माणसे केवळ भीतीपोटी आली नव्हती. गावागावाला माणसांचे कोटे ठरवून दिलेले होते, सक्तीही होती. पण १९४७ च्या जमीन कायद्याने कित्येकांच्या नावावर पहिल्यांदाच शेत लागले होते. त्या वाटपात जमीनदारांचे रक्तही सांडले. सरकार परतले तर आपली जमीन जाईल, हे गाडी ढकलणाऱ्याला पक्के ठाऊक होते. दुसरीकडे, सरकारने ऑगस्टमध्ये आणलेले नवे चलन तीन महिन्यांत कोसळले होते. शहरातल्या नोकरदाराचा विश्वास तिथेच उडाला आणि खेड्यातला तर कधी मिळवलाच नव्हता. सेनापतींच्या चुका मोठ्या होत्याच, पण चूक सावरायला पाठीशी माणसे लागतात. चँग यांच्या पाठीशी ती उरली नव्हती. २१ जानेवारीला त्यांनी अध्यक्षपद सोडले.

या विजयाचे मोल शेतकऱ्याला मिळाले का, हे विचारल्याशिवाय ही लढाई पुरी सांगता येत नाही. दहा वर्षांच्या आत ती जमीन सामुदायिक शेतीत गेली. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत आनहुई होता. दू यांची उपाशी फौज ज्या मैदानात वेढली गेली, त्याचा काही भाग याच प्रांतातला. कम्युनिस्टांच्या सैन्याला जेवू घालणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातली चूल त्यांच्याच राजवटीत विझली. म्हणून हुआईहाईचा विजय नुसता पक्षाच्या नावावर मांडणे मला अन्यायाचे वाटते.

पुढील लेखात : एप्रिल १९४९, यांगत्से ओलांडून नानजिंगकडे.