खेळण्यातील ट्रकच्या स्प्रिंगा व तेलाचे धक्काशोषक

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात कांदा उतरवून रिकामी झालेली पिकअप गाडी बाहेर पडते, तेव्हा तिची मागची बाजू वर उचललेली दिसते. भरून आलेली गाडी मागे बसलेली असते. या दोन स्थितींमधील फरक म्हणजे मागील चाकांवरील पोलादी पाट्यांना आलेला वाक होय. १९४७ साली ही समिती स्थापन झाली, त्या काळच्या बैलगाडीस असे पाटे नसत. साटा आखावरच टेकलेला असल्यामुळे लोखंडी धावेस बसणारा प्रत्येक हिसका मालापर्यंत पोहोचे. कांद्यास लागलेला मार त्या दिवशी दिसत नाही. चाळीत काही दिवसांनी तो कांदा सडतो व शेजारच्यासही सडवितो. शेतकऱ्याच्या मुलास हे सांगावे लागत नाही. त्यामागील शास्त्र मात्र सांगावे लागते.

त्यासाठी बिनतारी नियंत्रणावर चालणारा खेळण्यातील ट्रक हे उत्तम साधन आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी चालणारी छोटी नौका दाखविली, तेथपासून या खेळण्यांची परंपरा सांगता येईल. साध्या ट्रकमध्ये चाकांजवळ केवळ स्प्रिंग असते. ट्रक खड्ड्यातून गेला की बराच वेळ डोलत राहतो. तो सुधारावयाचा म्हटले की, ‘कडक स्प्रिंग बसवू’ असे मुले एकमुखाने सांगतात. येथेच शिक्षकांनी थांबावे व फळ्यावर हिशेब मांडावा.

समजा, ट्रकच्या चार स्प्रिंगांवर मिळून १५०० ग्रॅम भार आहे, म्हणजे प्रत्येकीवर ३७५ ग्रॅम. मूळ स्प्रिंग २५० ग्रॅमला १ सेंटीमीटर दबत असेल, तर रिकामा ट्रक १.५ सेंटीमीटर खाली बसेल. ६०० ग्रॅम कांदे भरल्यावर प्रत्येकीवर ५२५ ग्रॅम येऊन बैठक २.१ सेंटीमीटर होईल. भाराच्या प्रमाणात स्प्रिंग दबते, हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली प्रसिद्ध केला. आता ७५० ग्रॅमला १ सेंटीमीटर दबणारी कडक स्प्रिंग घेतली, तर रिकामा ट्रक अवघा अर्धा सेंटीमीटर बसेल व भरलेला ०.७ सेंटीमीटर. ट्रक ताठ दिसेल खरा. पण खड्डा आला की चाकास स्प्रिंगच्या बळावर खाली उतरावयास अर्धाच सेंटीमीटर उरतो. त्याहून खोल खड्ड्यात चाक जमीन सोडते. चाक अधांतरी असताना ते ट्रक ओढू शकत नाही, वळवूही शकत नाही.

जादा भारासाठी गाडीस एक पाटा वाढवून घेण्याची रीत मुलांनी पाहिलेली असते. त्याने गाडी खाली बसावयाची थांबते. ब्रेक, आख व टायर यांची ताकद मात्र तसूभरही वाढत नाही. हे मुलांच्या तोंडून घरी पोहोचले तर बरेच.

डोलणे थांबविण्याचा उपाय निराळा आहे. स्प्रिंग धक्का साठविते व परत करते; तो जिरविण्यास तेलाचा धक्काशोषक लागतो. नळीत तेल व त्यात बारीक छिद्रांचा दट्ट्या, एवढीच त्याची रचना. तेल छिद्रांतून रेटले जाताना गतीचे रूपांतर उष्णतेत होते. सुई नसलेल्या पिचकारीत पाणी भरून मुलांस दट्ट्या आधी हळू व मग जोराने दाबावयास सांगावे. जितकी घाई, तितका विरोध अधिक. स्प्रिंगचा विरोध ती किती दबली यावर, तर तेलाचा विरोध ती किती वेगाने दबते यावर अवलंबून असतो, हा भेद हातालाच कळतो. पाण्याऐवजी गोडेतेल भरल्यास दाटपणाचा परिणामही दिसेल.

खेळण्यातील धक्काशोषकांत सिलिकॉन तेल वापरतात. निफाड तालुक्यातील थंडी सर्वश्रुत आहे; काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांखाली उतरतो. अशा पहाटे गोडेतेल फार दाट होते, सिलिकॉन तेल त्या मानाने कमी बदलते. यंत्राचे साधे तेल घालू नये. त्याने काही प्रकारच्या रबरी कड्या फुगतात. तेल फार दाट घेतले तर दबलेली स्प्रिंग पुढील खड्ड्यापूर्वी मोकळी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

काही हौशी मुले प्लास्टिकच्या भुजा काढून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवितात. त्या चकचकीत दिसतात; परंतु चांगल्या नायलॉनची भुजा धडक बसल्यावर वाकून पूर्ववत होते, अ‍ॅल्युमिनियमची एकदा वाकली की वाकलेलीच राहते, किंवा तो आघात पुढील सांध्यावर ढकलते. भुजांच्या बिजागरीत पोलादी खिळा घालणे हा खर्च त्यापेक्षा सत्कारणी लागतो.

ट्रक शाळेने विकत घ्यावा असे नाही. वर्गातील एखाद्याकडे तो असतोच. पटांगणात एक सपाट पट्टी ठेवून तिच्यावरून ट्रक ठराविक वेगाने न्यावा. हौद्यात काठोकाठ पाण्याची वाटी ठेवावी व किती पाणी सांडले ते मोजपात्राने पाहावे. प्रथम मूळ स्प्रिंग, मग कडक स्प्रिंग, मग मूळ स्प्रिंगसह तेलाचा धक्काशोषक, असा क्रम ठेवावा. एका वेळी एकच भाग बदलावा आणि प्रत्येक फेरी तीनदा घेऊन आकडे मुलांनीच वहीत लिहावेत.