जनरेटर आपला, झोप शेजाऱ्याची

मागच्या काही भागांत आपण गाडीतलं पाणी, गॅस आणि बिछाना यांबद्दल बोललो. आजचा विषय थोडा अवघड आहे, कारण त्यात यंत्र कमी आणि माणूस जास्त आहे. विषय आहे छोट्या मोटरहोममधून फिरताना वापरायचा जनरेटर, त्याचा आवाज आणि त्यासोबत पाळायची रीत.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं नवरा-बायको किन्नौरमध्ये होतो. एका सफरचंदाच्या बागेच्या मालकाने घराशेजारच्या मोकळ्या जागेत गाडी लावू दिली. दोन दिवस पाऊस झाला होता, छतावरच्या सोलर पॅनेलने काही दिलं नव्हतं आणि बॅटरी उतरली होती. संध्याकाळी सातला मी जनरेटर काढला. आमच्या गाडीपासून तो लांब असावा म्हणून १५ मीटरची केबल ओढून झाडांपलीकडे नेऊन ठेवला. गाडीत आवाज जेमतेम येत होता. मी खूश. अकराला बंद केला आणि झोपलो.

सकाळी मालकाने चहा आणून दिला. "रात को तकलीफ तो नहीं हुई?" असं मी विचारलं, तर "नहीं साहब, सब ठीक," एवढंच म्हणाला. कप परत द्यायला माझी पत्नी घरात गेली आणि येऊन गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांच्या आईंचं अंथरूण स्वयंपाकघरात आहे. जनरेटर त्यांच्या खिडकीखाली होता." मी माफी मागायला गेलो. माताजी हसल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आज भी रुकोगे क्या?" ते आमंत्रण होतं की धास्ती, हे मला आजवर कळलेलं नाही. आम्ही त्या दिवशी निघालो.

सगळ्या जनरेटरवाल्यांची मूळ चूक हीच असते. आपण आवाज मोजतो तो आपल्या कानाने. जनरेटर आपल्यापासून लांब नेला की आपलं काम झालं असं वाटतं. पण आपल्यापासून लांब म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या तरी जवळ. आवाज मोजायचा तो शेजाऱ्याच्या उशीपाशी. आज एवढं एक लक्षात राहिलं तरी पुरे.

आकडा वाचायचा कसा

जनरेटरच्या माहितीपत्रकात आवाज डेसिबलमध्ये दिलेला असतो. बहुतेक वेळा तो ७ मीटर अंतरावरचा असतो आणि अनेकदा कमी भारावरचा असतो. भार वाढला की आवाज वाढतो.

डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नाही. १० डेसिबल वाढले तर आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. उघड्या मैदानात अंतर दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. आता हिशेब करा. चांगल्या, बंदिस्त इन्व्हर्टर जनरेटरचा आवाज ७ मीटरवर ५८ डेसिबल धरू. १४ मीटरवर तो ५२, २८ मीटरवर ४६ आणि ५६ मीटरवर ४० होतो. उघड्या सांगाड्याचा, लग्नमंडपाबाहेर दिसतो तसला जनरेटर घेतला आणि तो ७ मीटरवर ६९ डेसिबल असला, तर ४५ वर यायला त्याला ११२ मीटर लागतात.

मी ४५ चा आकडा का घेतला? आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. त्यांनुसार रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. म्हणजे चांगला जनरेटरसुद्धा रात्री शेजाऱ्यापासून साधारण ३० मीटर लांब हवा. एवढी जागा आपल्याला किती ठिकाणी मिळते?

शिवाय ४५ डेसिबल शहरात जाणवणारही नाहीत, रस्त्याच्या आवाजात ते बुडून जातील. पण स्पितीतल्या गावात, कच्छच्या रणाच्या कडेला किंवा कोकणातल्या एखाद्या वाडीत रात्र ३० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून शांत असते. तिथे तेच ४५ सगळ्यांत मोठा आवाज ठरतात. तेव्हा कायद्याचा आकडा पाळला म्हणजे शेजारधर्म पाळला, असं होत नाही.

रात्री आवाज लांब का जातो

फौजेत आम्हाला ही गोष्ट लवकर शिकवतात: रात्री आवाज आणि उजेड सांभाळा. त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. गरम हवेत आवाज वेगाने जातो, थंड हवेत सावकाश. दिवसा जमीन तापलेली असते, तिच्या लगतची हवा गरम आणि वरची थंड असते. त्यामुळे आवाज वरच्या बाजूला वळतो आणि विरतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उलटं होतं. जमीन निवते, खालची हवा थंड होते, वर तुलनेने गरम थर राहतो आणि आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतो. दरीत आणि तलावाच्या काठी हे ठळकपणे जाणवतं. दुपारी पलीकडच्या काठावर ऐकू न आलेला जनरेटर रात्री तिथे स्पष्ट ऐकू येतो.

दुसरी गोष्ट, इंजिनाच्या आवाजात खालच्या पट्टीची धडधड असते. तंबूचं कापड, मोटरहोमचा पातळ पत्रा, कौलं किंवा लाकडी भिंत तिला फारशी अडवत नाही. कानात बोळे घालून वरची घरघर कमी होते, पण ही धडधड उशीतून जाणवत राहते.

आधी विचारा: जनरेटर लागतो का?

माझ्या किन्नौरच्या रात्रीचा हिशेब सांगतो. माझा चार्जर १० अँपिअरचा होता. १२ व्होल्टच्या बॅटरीला तो साधारण १३० वॉट देतो. चार तासांत झाले ५२० वॉट-तास, म्हणजे अर्धा युनिट. अर्ध्या युनिटसाठी मी एका वृद्ध बाईची झोप मोडली. तेच मी ४० अँपिअरचा चार्जर बसवला असता तर तासाभरात काम झालं असतं, तेही संध्याकाळी सहाच्या आत. जनरेटर मोठा आणि चार्जर लहान, ही जोडी आपल्याकडे फार दिसते. इंजिन तासन् तास फुकट ओरडत राहतं. मोठा चार्जर घेण्याआधी आपली बॅटरी तेवढा प्रवाह घेऊ शकते का, हे मात्र तपासा. लिथियम बॅटरी सहसा घेते. शिशाची बॅटरी सावकाश भरते आणि शेवटच्या टप्प्यात फारच सावकाश. तो शेवटचा टप्पा सोलरवर सोडावा.

आता छोट्या गाडीची दिवसाची गरज बघू. एलईडी दिव्यांना ७५ वॉट-तास, १२ व्होल्टच्या पंख्याला रात्रभर २००, लहान फ्रिजला ४००, फोन-लॅपटॉप आणि पाण्याच्या पंपाला १२५. एकूण ८००. १०० अँपिअर-तासाच्या एका लिथियम बॅटरीत १,२८० वॉट-तास मावतात. म्हणजे रात्र आरामात निघते. भरायचं कसं? स्वच्छ उन्हात २०० वॉटचं पॅनेल दिवसाला सुमारे ८०० वॉट-तास देतं. ढग असतील तर गाडी चालते तेव्हा तिच्या अल्टरनेटरवरून भरा. मधे ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवला की दोन तासांच्या प्रवासात सुमारे ७५० वॉट-तास मिळतात. आपण तसेही रोज दोन तास चालतोच. हा चार्जर माझ्या गाडीत आल्यापासून जनरेटर महिनोन् महिने पिशवीतच असतो.

गणित बिघडवतात त्या उष्णता तयार करणाऱ्या वस्तू आणि एसी. चहाची किटली, इंडक्शन, हीटर यांची कामं गॅसवर करा किंवा उबदार रजईवर भागवा. एसीचं तसं नाही. लहान एसीसुद्धा रात्रभरात पाच-सहा युनिट खातो, म्हणजे चार-पाच बॅटऱ्या. मे महिन्यात विदर्भात किंवा तेलंगणात एसी लागणार हे उघड आहे. मग त्या रात्री मुक्काम प्लग मिळेल अशा ठिकाणी करा: होमस्टे, हॉटेलचं आवार, ओळखीच्या माणसाचं अंगण. १६ अँपिअरचा सॉकेट मागा आणि युनिटचे पैसे आधी ठरवून द्या. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली आणि अशा गाड्यांसाठी सोयीचे तळ उभारण्याची दिशा धरली. पण आज देशात बहुतेक ठिकाणी आपण कुणाच्या तरी भलेपणावर उतरतो, हे विसरू नका.

उंचावर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. साधं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के ताकद गमावतं. काझासारख्या १२,००० फुटांवरच्या गावात २ किलोवॉटचा जनरेटर १.२ च्या आसपास देतो. त्यामुळे लोक मोठा जनरेटर नेतात आणि आवाजही मोठा नेतात. त्यापेक्षा गरज कमी करा.

लावायचाच असेल तर

पहिला नियम जिवाचा. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतला माणूस उठत नाही. जनरेटर कुठल्याही खिडकी-दारापासून किमान ६ मीटर दूर ठेवा. गाडीखाली, डिकीत, चांदणीच्या बंद पडद्याआड कधीही नाही. धूर वाऱ्याने कुणाच्या तंबूकडे जातो का, तेही पाहा. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.

दुसरा नियम जागेचा. जनरेटर ठेवण्याआधी त्या जागेभोवती एक चक्कर मारा. खिडक्या कुठे आहेत, गोठा कुठे आहे, तंबूत लहान मूल आहे का, हे बघा. सायलेन्सरची बाजू जास्त आवाज करते, ती मोकळ्या रानाकडे वळवा. खाली जाड रबरी चटई घाला. मधे बांध, दगडी भिंत किंवा उभं केलेलं प्लायवूड असेल तर आवाज खरोखर कमी होतो. चादर टाकून होत नाही. यंत्र खोक्यात कोंडू नका, तापून आग लागेल. केबल पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली केबल तापते. इंजिन गरम असताना पेट्रोल ओतू नका. आणि चालू केल्यावर शेजाऱ्याच्या दारात जाऊन स्वतः दोन मिनिटं उभे राहा.

तिसरा नियम वेळेचा. कायद्याची रात्र दहाला सुरू होते, आपली सातला होऊ द्या. सकाळी आठच्या आधी नको. एका वेळी तास-दीड तास, त्याहून जास्त नाही. अभयारण्यात आणि राखीव जंगलात तर मुक्कामालाच वनखात्याची परवानगी लागते. तिथे जनरेटरचा विचारही करू नका.

चौथा नियम तोंडाचा. चालू करण्याआधी जाऊन सांगा: "बॅटरी भरायची आहे, साडेसहापर्यंत बंद करतो. चालेल ना?" वेळ सांगितली की अर्धा त्रास तिथेच संपतो, कारण माणसाला आवाजापेक्षा तो कधी थांबेल हे माहीत नसण्याचा वैताग जास्त असतो. सांगितलेली वेळ मात्र पाळा. शेजाऱ्याचे फोन आपल्या प्लगवर लावून द्या.

आणि त्रास आपल्याला होत असेल तर? "बंद करा" म्हणत जाऊ नका. "किती वाजेपर्यंत चालेल?" असं विचारा. त्या गाडीत कुणी आजारी असू शकतं. झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लावणारे माझ्या वयाचे बरेच प्रवासी आहेत. ते यंत्र तापवणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर साधारण ३० ते ६० वॉटवर चालतं आणि बॅटरीवर रात्र काढतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. भांडण्याऐवजी तेवढं सांगितलं तर दोघांचीही झोप होईल.

यजमान आपल्याला तोंडावर काही बोलत नाहीत. आपल्या देशात पाहुण्याला बोलायची रीत नाही. ते फक्त पुढच्या गाडीला "जागा नाही" म्हणतात. ती पुढची गाडी तुमची असेल, माझी असेल, किंवा मुलांना घेऊन पहिल्यांदाच निघालेल्या एखाद्या जोडप्याची असेल. म्हणून निघताना "तकलीफ तो नहीं हुई?" हा प्रश्न पुरेसा नाही, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. तो प्रश्न आदल्या संध्याकाळी, यंत्राची दोरी ओढण्याआधी विचारा.

पुढच्या भागात सांडपाण्याबद्दल बोलू. तोवर सुखरूप फिरा, शांत फिरा. जय हिंद.