छोट्या हॉलमधून मोठ्या थिएटरात: तिकीट कितीचं लावायचं?



मागच्या महिन्यात आपल्या बॅचमध्ये शेळीपालन, मसाला कांडप, मोबाईल रिपेअरिंग असे नेहमीचे प्रश्न संपले, आणि मागच्या रांगेतल्या एका पोरानं हात वर केला. "सर, आमचा माल जरा वेगळाय. आम्ही गाण्याचं नाटक करायलोत. बारा जण आहोत. जालन्यात दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये शंभर रुपये तिकीट लावतो. पाच प्रयोग झाले, पाचही फुल्ल. आता संभाजीनगरला मोठ्या थिएटरची तारीख मिळायली. तिकीट कितीचं लावावं?"

वर्गात हशा पिकला. मी हसलो नाही, कारण हा प्रश्न नाटकाचा नाहीच. घरून पापड विकणारी ताई पुण्याच्या प्रदर्शनात स्टॉल घेते तेव्हा तिलाही हाच प्रश्न पडतो. हातगाडीवरचा वडेवाला गाळा भाड्यानं घेतो तेव्हा त्यालाही. माल तोच, हात तेच, जागा चौपट. दर किती?

या विषयावरच्या व्हिडिओत मी तोंडी बोललो, पण आकडे तोंडी सांगून डोक्यात राहत नाहीत. म्हणून इथं सविस्तर लिहितोय. वही घेऊन बसा.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही

घनसावंगी तालुक्यातलं जांब आपल्याला समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून माहीत असतं. त्याच जांबचे राजकुमार तांगडे नाटकं लिहितात. विजेच्या आकड्यावरचं त्यांचं 'आकडा' आधी गाजलं, आणि मग २०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. लेखन तांगडेंचं, शाहिरी संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. नटमंडळी बहुतेक आपल्या जालन्याकडची, त्यात शेती करणारी पोरं. शिवाजी महाराजांना न्यायला आलेला यम, महाराजांचे विचार मागे राहिले म्हणून त्यांच्या शोधात फिरतो, असा त्याचा गाभा. हे नाटक मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीवर गेलं आणि त्याचे शेकडो प्रयोग झाले.

आता उद्योजकाच्या नजरेनं बघा. जालन्याहून मुंबई रेल्वेनं चारशे किलोमीटरच्या वर. एवढी माणसं, नेपथ्य, वाद्यं घेऊन जायचं, मुक्काम करायचा, परत यायचं, आणि इकडं पेरणी, फवारणी थांबत नाही. हा खर्च कुठून तरी निघाला पाहिजे, म्हणजे तिकिटातून. पण नाटकाच्या नावातच भीमनगर मोहल्ला आहे. ज्या वस्तीची ही गोष्ट, तिथल्या माणसाला तिकीटच परवडलं नाही, तर ते नाटक कुणासाठी केलं? दर ठरवताना खरी ओढाताण इथं असते. एका हाताला खर्च, दुसऱ्या हाताला ज्यांनी तुम्हाला उभं केलं ती गिऱ्हाईकं. दोघांपैकी एकाला सोडणं सोपं असतं. दोघांना धरायला हिशेब लागतो.

ही ओढाताण मराठी नाटकाइतकीच जुनी आहे, बरं का. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते संस्थानिकांच्या आश्रयानं. खर्च दरबाराचा, त्यामुळं दराचा प्रश्नच नव्हता. तो आश्रय गेला, आणि १८५३ मध्ये भावे मंडळी घेऊन मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात आले आणि तिकीट लावून खेळ केले. राजाच्या पैशावर चालणारा धंदा गिऱ्हाइकाच्या पैशावर आणणं म्हणजे काय, हे अनुदानावर सुरू झालेल्या कुठल्याही बचत गटाला विचारा.

आता वही उघडा

त्या पोराला मी फळ्यावर मांडून दाखवलं. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमचे तुम्ही टाका.

छोटा हॉल: २०० खुर्च्या, तिकीट १०० रुपये. फुल्ल झाला की २०,००० गल्ला. खर्च: हॉलचं भाडं ४,०००, लाईट-साऊंड ५,०००, टेम्पो २,०००, बारा जणांचं चहापाणी-जेवण ६,०००. एकूण १७,०००. उरले ३,०००, बारा जणांत वाटले तर माणशी अडीचशे. म्हणजे पोरं जवळजवळ फुकट राबतायत. त्यांचा पगार या हिशेबात धरलेलाच नाही, आणि त्यामुळंच १०० रुपये तिकीट परवडतंय! हे मी बोललो तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरला. पण घरगुती धंद्यात नव्वद टक्के लोक हीच चूक करतात. स्वतःची मजुरी शून्य धरायची आणि दर स्वस्त आहे म्हणून खूश व्हायचं.

मोठं थिएटर: ८०० खुर्च्या. भाडं २०,०००. लाईट-साऊंड १५,०००. प्रवास आणि नेपथ्याचा टेम्पो १८,०००. मुक्काम-जेवण ९,०००. जाहिरात २०,०००. आणि आता नटांची 'नाईट', म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, माणशी १,५०० धरली तर १८,०००. एकूण बरोबर एक लाख.

इथं जुनाच १०० चा दर लावला तर? ८०० च्या ८०० खुर्च्या भरल्या तरी ८०,०००. बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड आणि आत २०,००० चा तोटा.

बरं, मग सरसकट ३०० लावू. आता ३३४ तिकिटं गेली की खर्च निघाला. कागदावर छान. पण जालन्याच्या पाच फुल्ल प्रयोगांनी तुम्हाला काय सिद्ध करून दिलं? एवढंच, की ओळखीपाळखीचे, गावातले, मित्रांचे मित्र मिळून हजार माणसं शंभर रुपये द्यायला तयार आहेत. अनोळखी शहरातली माणसं तीनशे देतील हे त्यातून सिद्ध होत नाही. तिथं ३०० माणसं आली तर गल्ला ९०,०००, तोटा १०,०००, आणि ८०० च्या थिएटरात ५०० खुर्च्या मोकळ्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर गाणं म्हणून बघा एकदा. टाळी वाजते ती सुद्धा एकटी वाटते.

एक दर नको, दरांचा जिना करा

मोठ्या जागेचा एकच मोठा फायदा असतो: तिथली प्रत्येक खुर्ची सारखी नसते. दोनशेच्या हॉलमध्ये पहिली आणि शेवटची रांग यात फार फरक पडत नाही. आठशेच्या थिएटरात पडतो. मग दरात तो दिसू द्या. मोसंबीची आडतीला छाटणी करताना आपण एक नंबर, दोन नंबर, गोळी वेगळी काढतोच की. सगळा ढीग एका भावात देणारा शेतकरी बागवानाला फार आवडतो.

तर असं मांडू: पुढच्या १६० खुर्च्या ४०० रुपये, मधल्या ३२० खुर्च्या २५० रुपये, मागच्या १६० खुर्च्या १५० रुपये, आणि बाल्कनीतल्या १६० खुर्च्या, जालन्यात होता तोच दर, १०० रुपये.

सगळं भरेल असं धरू नका. पुढचं निम्मं गेलं: ८० तिकिटं, ३२,०००. मधलं साठ टक्के: १९२ तिकिटं, ४८,०००. मागचं पंचाहत्तर टक्के: १२० तिकिटं, १८,०००. बाल्कनी फुल्ल: १६,०००. एकूण १,१४,०००. नाईट देऊन, जाहिरात करून, १४,००० हातात. प्रेक्षक ५५२. सरसकट ३०० च्या हिशेबापेक्षा अडीचशे माणसं जास्त, आणि शंभर रुपयेवाला माणूस बाहेर राहिला नाही.

बाल्कनीचे हे १०० रुपये दानधर्म म्हणून ठेवायचे नाहीत. बाल्कनीतला कॉलेजचा पोरगा नाटक बघून रात्री दहा जणांना मेसेज टाकतो. पुढच्या रांगेतले साहेब बहुधा टाकत नाहीत.

न्यूयॉर्कच्या 'हॅमिल्टन'नंही हेच केलं. आधी २९९ खुर्च्यांचं पब्लिक थिएटर, मग २०१५ मध्ये ब्रॉडवेवर १,३०० च्या वर खुर्च्या. मागणी इतकी, की काळाबाजारवाले मालामाल व्हायला लागले. २०१६ मध्ये निर्मात्यांनी सगळ्यात महाग तिकीट ८४९ डॉलरवर नेलं, आणि त्याच वेळी सोडतीतल्या १० डॉलरच्या खुर्च्यांची संख्या वाढवली. वरची पायरी उंच करताना खालची त्यांनी जास्त रुंद केली. लंडनचं 'ऑपरेशन मिन्समीट' २०१९ मध्ये ८० खुर्च्यांच्या जागेत सुरू झालं आणि एकेक टप्पा चढत २०२३ मध्ये ४३२ खुर्च्यांच्या फॉर्च्यून थिएटरला पोचलं. ८० वरून एकदम हजारावर उडी नाही मारली.

आपल्याकडं 'संगीत देवबाभळी'चा प्रवास डोळ्यासमोर ठेवा. नाशिकच्या प्राजक्त देशमुखांची आधी ती एकांकिका. २०१७ मध्ये भद्रकाली प्रॉडक्शन्सनं दोन अंकी नाटक म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर आणली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पाचशेवा प्रयोग मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात झाला. हे सभागृह अडीच हजारांहून जास्त खुर्च्यांचं. रंगमंचावर पात्रं किती? दोन. दोन पात्रांचं नाटक आणि बारा पात्रांचं नाटक यांच्या नाईटचा, गाडीचा, मुक्कामाचा फरक करून बघा, म्हणजे दर ठरायच्या आधीच अर्धा दर कसा ठरलेला असतो ते कळेल.

चार गोष्टी ज्यात पैसे गळतात

पहिली, पास. तो पोरगा म्हणाला, "चाळीसेक पास तर द्यावेच लागतेत, सर." एरवी ज्यांनी ४०० मोजले असते अशा ४० जणांना पास दिले तर १६,००० गेले. वरचा नफा १४,०००. म्हणजे तुमचा सगळा प्रयोग पासवाल्यांनी खाल्ला, वर दोन हजार तुम्ही घातले. पास द्यायचेच तर आठवड्याच्या मधल्या प्रयोगाला द्या, आणि मोजून द्या.

दुसरी, ५०० ची रेघ. नाटकाच्या तिकिटावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे. आधी ही मर्यादा २५० होती, जानेवारी २०१८ मध्ये ५०० झाली. त्याच्या वर गेलात तर १८ टक्के, आणि तेही फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण तिकिटावर. ६०० चं तिकीट प्रेक्षकाला ७०८ ला पडतं. त्यामुळं ५०० आणि ५५० यांच्यात पन्नास रुपयांचं नाही, जवळजवळ दीडशेचं अंतर आहे. सुरुवातीला या रेघेच्या आतच राहा. नोंदणीचं तुमच्या उलाढालीप्रमाणं काय ते सीएला विचारा.

तिसरी, भाडं. तारीख घेण्याआधी थिएटरचं नियमपत्रक वाचा. वार, सकाळ-दुपार-रात्र यावर भाडं बदलतं, आणि काही ठिकाणी तिकिटाच्या दराप्रमाणंही बदलतं. तुम्ही पुढची रांग ४०० वरून ५०० केली आणि भाड्याचा टप्पा वर सरकला, तर वाढवलेलं तिकडंच जातं.

चौथी गोष्ट माझ्या नावडीची आहे. तिकीट खपत नाही म्हणून शेवटच्या दिवशी निम्म्या दरात विकणं. ज्यानं पंधरा दिवस आधी विश्वासानं ४०० दिले, त्याच्या शेजारी दोनशेवाला आणून बसवायचा? तो पुढच्या वेळी प्लॅन उघडल्या उघडल्या येणार नाही, शेवटच्या दिवसाची वाट बघेल. सवलत द्यायची तर आधी येणाऱ्याला द्या.

ठोक आणि किरकोळ

आपल्या भागात आणखी एक रस्ता आहे आणि तो लहान मंडळींनी कमी लेखू नये: कॉन्ट्रॅक्ट शो. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव, पतसंस्थेचा वर्धापनदिन. मंडळ तुमचा अख्खा प्रयोग ठरलेल्या रकमेला घेतं, लोकांना बहुतेक वेळा फुकट दाखवतं. हा ठोकचा धंदा. नफा कमी, पण जोखीम तुमची नाही. आणि ज्या मोहल्ल्यात तिकीट घेऊन कुणी थिएटरला येणार नाही, तिथं नाटक पोचतं. महिन्याला दोन ठोक प्रयोग हातात असले की एक किरकोळ प्रयोग मोठ्या थिएटरात धाडसानं लावता येतो. फक्त अर्धे पैसे आगाऊ घ्या. बाकीचे पडदा उघडायच्या आधी. नंतर देतो म्हणणारा आयोजक नंतर फोन उचलत नाही, हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय.

परवा त्या पोराचा फोन आला. थिएटर आठशेचंच घेतलं, पण बाल्कनी आधी उघडायची नाही, खालचं भरत आलं तर उघडायची, असं त्यांचं ठरलं होतं. मी म्हटलं, शंभराची खुर्ची शेवटी उघडशील तर शंभरवाला आधीच घरी गेलेला असेल. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाल्कनी पहिल्या दिवसापासून उघडतो, सर. पण पासचं काय? नगरसेवकाचाच फोन आला होता." चाळीसचे पंचवीस झालेत म्हणे. पंचवीस गुणिले चारशे, दहा हजार. मी त्याला आकडा सांगितला आणि फोन ठेवला.