उन्हाळ्याच्या आरंभी तलावातील नौकाविहार : तरंगत्या ओंडक्यांपासून सावध राहा

परीक्षा आटोपल्या, सुट्ट्या लागल्या की देशभरातील तलावांवर आणि धरणांच्या जलाशयांवर कुटुंबांची गर्दी होऊ लागते. पाणी शांत दिसते, वारा सुखद असतो आणि तासाभराच्या फेरीत काय व्हायचे आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू आपल्यासारख्या देशांत घडले. बुडण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, त्याचा विचार या पत्रकात प्रामुख्याने केला आहे. ते कारण म्हणजे पाण्यावर किंवा पाण्याच्या किंचित खाली असणारे ओंडके, खुंट, जाळी आणि कचरा.

चैत्र-वैशाखात जलाशयाची पातळी झपाट्याने उतरते. दिवाळीच्या सुमारास ज्या मार्गाने नाव निर्धोक जात होती, त्याच मार्गावर आता बुडालेल्या झाडांचे खुंट, जुन्या भिंती आणि खडक पृष्ठभागाच्या वीतभर खाली आलेले असतात. उजनी जलाशयात उन्हाळ्यात पळसदेवचे प्राचीन मंदिर उघडे पडते, ते पाहण्यास लोक आवर्जून जातात; त्याच न्यायाने इतर बुडालेली बांधकामेही वर येत असतात, मात्र ती दिसण्यापूर्वी काही दिवस पाण्याखाली दडलेली असतात. केरळातील थेक्कडी येथे १८९५ साली पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणामुळे बुडालेल्या अरण्याचे खुंट आजही पेरियार तलावात उभे आहेत. सतत पाण्याखाली राहिलेले लाकूड प्राणवायूच्या अभावी लवकर कुजत नाही.

डोंगराळ प्रदेशात क्रम उलटा असतो. काश्मीरच्या दल सरोवरासारख्या ठिकाणी याच दिवसांत वितळलेल्या बर्फाचे पाणी येते आणि फांद्या व पालापाचोळा सोबत आणते. मणिपूरच्या लोकटाक सरोवरात तर वनस्पती व मातीचे तरंगते थर, ज्यांना तेथे ‘फुमदी’ म्हणतात, वाऱ्याने जागा बदलत राहतात. मैदानी भागात एखादा वळवाचा पाऊस पडला की ओढ्यांतून वाहून आलेले लाकूड दुसऱ्या दिवशी तलावभर पसरलेले आढळते. त्यात मूर्तींचे लाकडी सांगाडे, तारा, नायलॉनची तुटलेली जाळी आणि थर्माकोल यांची भर आपणच घातलेली असते.

सर्वांत धोकादायक असतो तो पाणी शोषून जड झालेला ओंडका. तो जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतो आणि त्याचे जेमतेम टोक वर राहते. सकाळच्या व सायंकाळच्या तिरप्या उन्हात पाणी चकाकत असताना ते टोक दिसतच नाही. म्हणून नावेच्या पुढील बाजूस एका प्रौढ व्यक्तीने केवळ पाहण्याचेच काम करावे. मोबाइलवर छायाचित्रे टिपण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे. संथ पाण्यात एकाच जागी उमटणारी लहर, साचलेला फेस, किंवा आधार काहीच दिसत नसताना पाण्यावर निवांत उभा असलेला पाणकावळा अथवा बगळा, या खुणा ओळखाव्यात. पक्षी उभा आहे त्या अर्थी त्याच्या पायाखाली काहीतरी आहे. जलपर्णीच्या पट्ट्यातून नाव नेऊ नये, कारण ती पंख्यात गुंतते आणि तिच्या आड काय आहे हे कळत नाही. पंख्यात काही अडकल्यास इंजिन पूर्ण बंद केल्याखेरीज हात घालू नये.

लाइफ जॅकेट नावेत असणे पुरेसे नाही, ते अंगावर व बंद लावलेले असावे. धडक बसल्यावर ते शोधण्यास वेळ मिळत नाही. लहान मुलाचे जॅकेट खांद्याजवळ धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते त्या मुलाचे नव्हेच. क्षमतेहून अधिक माणसे घेतलेल्या नावेत बसण्यास संकोच न बाळगता नकार द्यावा. दुपारनंतर आभाळ भरून येऊ लागल्यास फेरी रद्द करावी. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयातच वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जणांचे प्राण गेले.

नाव कशावर आदळल्यास सर्वांनी एका बाजूस धावू नये. जागेवर बसून राहावे व पाणी आत येते का, हे पाहावे. नाव उलटलीच तर ती बहुधा तरंगत राहते; तिला धरून ठेवावे. काठ दिसतो त्याहून दूर असतो. काठावरील व्यक्तीने बुडणाऱ्याकडे स्वतः उडी न घेता दोरी, बांबू, साडी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन पुढे करावा आणि ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबणे किंवा तिला उलटे धरून फिरवणे ही प्रथा अद्याप अनेक ठिकाणी दिसते. तिने फुप्फुसांतील पाणी निघत नाही, अन्न मात्र श्वासनलिकेत जाऊ शकते आणि मोलाची मिनिटे जातात. श्वास चालू नसल्यास प्रथम तोंडाने श्वास द्यावा, कारण बुडणाऱ्याला प्राणवायूचीच उणीव झालेली असते. त्यानंतर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. प्रौढांत सुमारे पाच सेंटिमीटर खोल. दर ३० दाबांनंतर दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. व्यक्ती शुद्धीवर येऊन बोलू लागली तरी रुग्णालयात न्यावे. श्वासाचा त्रास काही तासांनंतरही वाढू शकतो.

खिळा, तार किंवा लाकडाने झालेली जखम लहान असली तरी स्वच्छ वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी नजीकच्या आरोग्य केंद्रात विचारावे. लाकूड किंवा लोखंड खोल रुतले असल्यास ते उपसून काढू नये, हलू न देता रुग्णालयात जावे. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली आल्यास तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. अशा वेळी आपण तलावाच्या पाण्यात उतरलो होतो, हे डॉक्टरांना त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगावे.