मान न हलविता श्वासाची वाट

झाडावरून पडलेला अथवा वाहनाच्या धडकेत सापडलेला, आणि मानेचा मणका मोडल्याचा संशय असलेला इसम बेशुद्धावस्थेत रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा भूलतज्ज्ञावर दोन परस्परविरोधी कर्तव्ये एकाच क्षणी येऊन पडतात: श्वासनलिकेत नळी घालून प्राणवायूची तजवीज विनाविलंब करावयाची, आणि मान मात्र तसूभरही हलू द्यावयाची नाही, कारण निखळलेला मणका सरकून मज्जारज्जू चेपला, तर हातपाय जन्माचे लुळे पडण्याचे भय असते.

या विरोधाचे मूळ प्रकाशाच्या स्वभावात आहे. ऑक्सफर्डचे रॉबर्ट मॅकिन्टॉश यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेला वक्र पात्याचा लॅरिंगोस्कोप, म्हणजे स्वरयंत्र पाहण्याचे साधन, आजही सर्वत्र प्रचारात आहे. परंतु पाते वक्र असले तरी दृष्टी सरळच जाते, आणि मुख व स्वरयंत्र यांच्यामध्ये तर जवळजवळ काटकोनाचे वळण आहे. ते वळण सरळ करण्यासाठी डोके मागे कलवावे लागते, व तो कल मुख्यत्वे कवटी आणि पहिले दोन मणके यांच्या सांध्यांतून वसूल होतो. म्हणून सहायक दोन्ही हातांनी डोके स्थिर धरतो, आणि जबडा उघडू न देणाऱ्या गळपट्ट्याचा पुढील भाग तेवढ्यापुरता सोडतात. असे धरल्यावर पुष्कळदा स्वररज्जू दिसतच नाहीत, दिसते ती केवळ स्वरयंत्रावरील झाकणाची कड. तेव्हा मॅकिन्टॉश यांनीच १९४९ साली सुचविलेली बूजी, म्हणजे एक लांब लवचीक कांडी, त्या कडेखालून सरकवितात; श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्यांवरून जाताना ती बोटांना बारीक ठोके देते, आणि डोळ्यांना जे दिसले नाही ते हाताला कळते. या साऱ्या विद्येतील हे मला अत्यंत सुंदर स्थळ वाटते.

मान वाकविण्याऐवजी दृष्टीच वाकवावी, ही युक्ती मात्र त्याहूनही जुनी आहे. पॅरिसमध्ये १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने आरशांनी सूर्यप्रकाश घशात वळवून स्वतःचेच स्वररज्जू पाहिले होते. पुढे १९६७ साली लंडनमध्ये पीटर मर्फी यांनी पित्तनलिका तपासण्याच्या काचतंतूंच्या दुर्बिणीवरून नळी नाकावाटे उतरविली. घसा बधिर करून, रुग्ण जागा असतानाच ही क्रिया करता येते, आणि नळी बसल्यावर त्याला हातापायांची बोटे हलवावयास सांगून मज्जारज्जू शाबूत असल्याची खात्री तत्काळ पटविता येते, हा तिचा असामान्य गुण. परंतु घशात रक्त वा वांती साचली, किंवा रुग्ण झटापट करू लागला, की ती दुर्बीण आंधळी होते.

या शतकात पसरलेल्या व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमध्ये पात्याच्या टोकाजवळच कॅमेरा असतो. त्यामुळे डोके फारसे न कलविता स्वररज्जू पडद्यावर स्पष्ट दिसतात, आणि पहिल्याच प्रयत्नात नळी बसण्याची शक्यता वाढते. तथापि पाते अधिक वाकडे असेल, तर वाट दिसूनही नळी वळणावर अडते, व तिच्यात योग्य बाक दिलेली तार घालावी लागते. नळी घालताना मज्जारज्जूची इजा वाढल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत, प्राणवायूअभावी होणारी हानी मात्र काही मिनिटांतच निश्चित ठरते. म्हणून ज्या साधनावर आपला हात बसला आहे तेच प्रथम उचलावे, असे माझे मत आहे. साधन कोणतेही असो, सहायकाचे हात नळी बांधून गळपट्टा पुन्हा आवळेपर्यंत डोक्यावरून निघत नाहीत.