विश्लेषण : पहिल्या महायुद्धात गेलेल्या सातारा-सांगलीच्या सैनिकांची नावे कुठे शोधायची?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते, हे अनेकांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान कामी आले, त्याची शिला ब्रिटिशांनी गावात बसवली. अशा शिला देशात अनेक गावांत आहेत आणि त्यांच्या मजकुराचा साचाही ठरलेला आहे : गावातून इतके गेले, त्यातले इतके परतले नाहीत. आकडा असतो. नावे कुठे आहेत?

हे सैनिक गेले कुठे?

बरेचसे आजच्या इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात. तिथे लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा इथे तुर्की फौजेने या डिव्हिजनला वेढा घातला. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 असा जवळपास पाच महिने तो चालला. रसद संपली, घोडे कापून खायची वेळ आली आणि अखेर सुमारे 13 हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यातले कित्येक पुढे कैदेत गेले.

मग नावांचे काय झाले?

मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि कबर किंवा अंत्यसंस्काराची जागा माहीत नसलेल्या 40 हजारांहून अधिक जणांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. ब्रिटिश शिपायाचे नाव दगडावर कोरले गेले. भारतीयांपैकी मात्र फक्त अधिकाऱ्यांची नावे आली. साध्या शिपायांची पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या. दगड कमी पडला असे म्हणायलाही जागा नाही, तो निर्णय होता.

राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाने एप्रिल 2021 मध्ये स्वतःच्याच अहवालात हे मान्य करून माफी मागितली. किमान 1 लाख 16 हजार मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या, नावाने किंवा अजिबातच नोंद ठेवली गेली नाही, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. शंभर वर्षांनी का होईना, कबुली लेखी आहे.

असे फक्त आपल्याच बाबतीत घडले का?

नाही. फिलिपिन्सचे उदाहरण जवळचे आहे. 9 एप्रिल 1942 रोजी बातान द्वीपकल्पात सुमारे 75 हजार सैनिक जपानला शरण गेले, बहुसंख्य फिलिपिनो. ते अमेरिकेच्या झेंड्याखाली लढत होते. भर उन्हात त्यांना चालवत नेले, वाटेत हजारो मेले. युद्ध संपल्यावर फेब्रुवारी 1946 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून बहुतेक फिलिपिनो सैनिकांचे लाभच काढून घेतले. हयात असलेल्यांना एकरकमी पैसे मिळायला 2009 उजाडले आणि काँग्रेसचे सुवर्णपदक 2017 मध्ये मिळाले. फिलिपिन्समध्ये 9 एप्रिल हा शौर्य दिन आहे. योगायोग असा, की 1945 मध्ये याच तारखेला इटलीत सेनियो नदीवर मराठा पलटणीच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते नगर जिल्ह्यातल्या निमजचे.

परक्या झेंड्याखाली लढलेल्यांचा मान आपण का राखायचा?

हा प्रश्न साताऱ्यात जास्त टोचतो. दुसऱ्या महायुद्धात याच जिल्ह्यातली काही पोरे ब्रिटिश गणवेशात लढत होती, तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार गावोगावी ब्रिटिश सत्तेला आव्हान देत होते. माझ्या मते यातल्या एकाचा मान राखला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. पलटणीची परंपराही 1947 ला तुटली नाही. 1971 च्या युद्धात मरणोत्तर महावीर चक्र मिळालेले पांडुरंग साळुंखे तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीचे आणि मराठा पलटणीचेच. फरक इतकाच, की त्यांचे नाव देशाने लिहून ठेवले.

घरातल्या सैनिकाची नोंद मोबाइलवर कशी शोधायची?

युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची यादी मोफत शोधता येते. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, जिल्हा. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळाले. त्यामुळे वाळवा, तासगाव किंवा खानापूरचा शिपाई जुन्या नोंदीत ‘सातारा’ म्हणूनच सापडण्याची शक्यता जास्त. सांगली-मिरज ही तेव्हा संस्थाने होती, म्हणून संस्थानाचे नावही टाकून बघा.

दुसरी, स्पेलिंग. गोऱ्या कारकुनाने ऐकले तसे लिहिले. शिंदे, साळुंखे, घाडगे यांची इंग्रजीत होतील तेवढी रूपे करून पाहा. आडनावाने जमले नाही तर नुसत्या नावाने.

तिसरी, पलटण. घरात जुने पदक असेल तर त्याची कडा भिंगाखाली धरा. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक पॉलिश करायला देण्याआधी मात्र कडेचा फोटो काढून ठेवा. घासून घासून ती अक्षरे जातात.