घाटमाथा, पाऊस आणि विखुरलेले बिंदू

दोन संख्यांचा पत्ता

पुणे जिल्ह्याच्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात, वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली लागते. केळदच्या पुढे मढे घाट आणि घाटाखाली कोकण. असा पत्ता वाट माहीत असणाऱ्याला पुरतो. नकाशाला मात्र दोनच संख्या लागतात, अक्षांश आणि रेखांश. परस्परांना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा आधी ठरवायच्या आणि त्यांच्यापासूनच्या अंतरांनी प्रतलावरील प्रत्येक बिंदू निश्चित करायचा, ही कल्पना फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्तच्या १६३७ मधल्या भूमितीवरील ग्रंथातून रुजली. महाराष्ट्रात ती नववीच्या गणितात ‘निर्देशक भूमिती’ या प्रकरणात भेटते. आडवी रेषा क्ष-अक्ष, उभी रेषा य-अक्ष, त्यांचा छेद म्हणजे आरंभबिंदू आणि अंतरांची जोडी म्हणजे त्या बिंदूचे निर्देशक.

क्रम चुकला तर

जोडीतला क्रम महत्त्वाचा असतो. आधी क्ष, मग य, असा आलेखाचा संकेत आहे. नकाशाच्या बोलीत मात्र आधी अक्षांश सांगतात, म्हणजे उभे अंतर, आणि मग रेखांश, म्हणजे आडवे. तोरण्याचे स्थान बोलताना ‘१८.२८ उत्तर, ७३.६२ पूर्व’ असे सांगितले जाते, आलेख कागदावर तोच बिंदू (७३.६२, १८.२८) असा मांडावा लागतो. संगणकाला ही अदलाबदल कळत नाही. संख्या उलट भरल्या तर तो तोरणा मुकाट्याने नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात नेऊन ठेवतो. एकच बिंदू असा भरकटला तर तो लगेच डोळ्यांत भरतो. सगळेच बिंदू उलटे भरले गेले, तर आकृती दिसायला नीटनेटकी राहते आणि चूक बराच काळ लपते.

दोन बिंदूंमधले अंतर

राजगडाच्या बालेकिल्ल्याचे निर्देशक सुमारे ७३.६८ आणि १८.२५. तोरण्याशी तुलना केली तर रेखांशात ०.०६ अंश आणि अक्षांशात ०.०३ अंश फरक पडतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे रेखांशाचा एक अंश या भागात सुमारे १०६ किलोमीटरच भरतो. म्हणून आडवे अंतर ६.४ आणि उभे ३.३ किलोमीटर. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण निघतो ७.२ किलोमीटर. डोंगरसोंडेवरून एका गडावरून दुसऱ्यावर चालत जाणाऱ्याला हा आकडा फसवा वाटेल, कारण तो हवाई अंतराचा आहे. चढउतार आणि वळणे यांना या जाळीत जागाच नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांवर १८ अंश १५ मिनिटांची रेषा या दोन गडांच्या मधून जाते. परिणामी समोरासमोर दिसणारे हे गड दोन वेगळ्या पत्रकांवर पडतात: तोरणा ४७ एफ/११ वर आणि राजगडाचा बालेकिल्ला ४७ एफ/१२ वर.

स्थानाऐवजी राशी

अक्षांवर अंतरेच मांडावीत असे बंधन नाही. एका अक्षावर उंची आणि दुसऱ्यावर पाऊस घेतला तर प्रत्येक गाव एक बिंदू होते. दोन मोजमापांच्या जोड्या अशा बिंदुरूपाने मांडल्या, की तो विखुरण आलेख. बिंदू रेषेने जोडायचे नसतात, कारण त्यांच्यात आधीचा-नंतरचा असा क्रम नसतो. पाहायचा असतो तो सगळ्या बिंदूंचा मिळून दिसणारा आकार. बिंदूंचा पट्टा डावीकडून उजवीकडे चढत असेल तर धन सहसंबंध, उतरत असेल तर ऋण, आणि नुसता पुंजका असेल तर सहसंबंध नाही किंवा निदान या दोन राशींत तो दिसत नाही. पट्टा जितका अरुंद, तितका संबंध घट्ट.

पहिला आलेख: उंची आणि पाऊस

सह्याद्रीत उंचावर पाऊस जास्त, हा सर्वसाधारण समज. सहा ठिकाणांचे ठोकळ आकडे घेऊन तो तपासता येतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, वार्षिक पाऊस सुमारे ५६०० मिलिमीटर. पाचगणी १२९० मीटर, पाऊस १८००. वाई ७२० मीटर, पाऊस ७००. पुणे ५६० मीटर, पाऊस सातशेच्या थोडा वर. लोणावळा ६२० मीटर, पाऊस चार हजारांच्या वर. कोकणातले महाड समुद्रसपाटीपासून जेमतेम वीस मीटर, आणि पाऊस तीन हजारांहून अधिक.

महाबळेश्वर आणि वाई हे दोनच बिंदू मांडले तर समज सिद्ध झाल्यासारखा वाटतो. पाचगणीने तो डळमळतो: उंची महाबळेश्वरपेक्षा फार कमी नाही आणि पाऊस मात्र एक तृतीयांशाहूनही कमी. लोणावळा आणि वाई यांत तर वाई थोडी उंच आणि पाऊस लोणावळ्यात कितीतरी जास्त. महाडचा बिंदू उभ्या अक्षाला जवळजवळ चिकटून वर जाऊन बसतो. आलेखात पट्टा उमटत नाही. असा आलेखही वाया गेलेला नसतो. पाऊस उंचीवरून ठरवता येणार नाही, एवढे तो स्पष्ट सांगतो.

दुसरा आलेख: रेखांश

पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणून क्ष-अक्षावर रेखांश घेऊन पाहता येते. महाबळेश्वर ७३.६६, पाचगणी ७३.८०, वाई ७३.८९: पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने उतरतो. पण लोणावळा आणि महाड यांचे रेखांश जवळपास सारखे, ७३.४१ आणि ७३.४२. एक घाटमाथ्यावर, दुसरे डोंगराच्या पायथ्याशी कोकणात. इथे अडचण कळते. सह्याद्रीची धार सरळ उत्तर-दक्षिण जात नाही. लोणावळ्याजवळ ती पश्चिमेला आहे आणि महाबळेश्वरजवळ बरीच पूर्वेला सरकलेली. एकच रेखांश एका ठिकाणी माथा दाखवतो, दुसऱ्या ठिकाणी पायथा.

तिसरा आलेख: माथ्यापासूनचे अंतर

म्हणून आरंभबिंदू घाटमाथ्यावर ठेवायचा. माथ्याच्या पूर्वेचे अंतर धन, पश्चिमेचे ऋण. पाऊस ऋण असू शकत नाही, त्यामुळे चार चरणांपैकी पहिला आणि दुसरा एवढेच लागतात: पहिल्यात देश, दुसऱ्यात कोकण. आता महाबळेश्वर आणि लोणावळा दोन्ही शून्याजवळ उंच उभे राहतात. पाचगणी १५ किलोमीटरवर, वाई २५ वर, पुणे ४५ च्या आसपास. महाड उणे पंधरा ते वीसच्या दरम्यान. मघाशी विस्कटलेले तेच सहा बिंदू एका आकारात येतात. कोकणातून चढत येणारी, माथ्यावर टोक गाठणारी आणि देशाकडे आधी तीव्र, मग संथ उतरत सपाट होणारी वक्ररेषा.

आकारामागे कारण आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून बाष्प आणतात, कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर बाष्प सोडून देतात. पलीकडे उतरताना हवा तापते, कोरडी होते, हीच पर्जन्यछाया. हे कारण आलेखातून मिळालेले नाही, ते वातावरणाच्या अभ्यासातून आले. आलेखाने फक्त प्रश्न योग्य अक्षावर आणून ठेवला.

रेषा कुठवर ओढावी

महाबळेश्वर ते पाचगणी १५ किलोमीटरांत पाऊस ३८०० मिलिमीटरने घटतो, म्हणजे किलोमीटरमागे अडीचशे. हीच सरळ रेषा आणखी दहा किलोमीटर ओढली तर वाईचा पाऊस उणे सातशे निघतो! प्रत्यक्षात पाचगणी ते वाई हा उतार किलोमीटरमागे सुमारे ११० आहे, आणि वाईपासून पुढे तो जवळजवळ उरतच नाही. ज्ञात बिंदूंच्या पलीकडे रेषा वाढवणे धोक्याचे असते, ते यासाठी.

दोन बिंदूंच्या मधला अंदाज तुलनेने सुरक्षित, पण बेताचाच. पासली माथ्यापासून जवळ, म्हणून तिचा पाऊस पाचगणीपेक्षा जास्त असणार, एवढे वक्ररेषेवरून म्हणता येते. त्याहून नेमका आकडा सांगणे म्हणजे सहा बिंदूंवर नको तेवढा भार टाकणे. माथ्यावरच्याच महाबळेश्वर आणि लोणावळ्याच्या पावसात केवढे अंतर आहे!

एका संख्येचा मोह

संबंध किती घट्ट आहे हे सहसंबंध गुणांकाने मोजतात. त्याची किंमत उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असते. पण हा गुणांक फक्त सरळ रेषेचा घट्टपणा मोजतो. वरच्या तिसऱ्या आलेखात तो फसतो, कारण एक बाजू चढते, दुसरी उतरते आणि दोन्ही परस्परांचा परिणाम पुसून टाकू लागतात. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांची सरासरी, सहसंबंध गुणांक (सुमारे ०.८२) आणि जुळणारी रेषा अगदी सारखी, आलेख मात्र चार तऱ्हांचे. एकात साधा पट्टा, एकात वक्र, एकात भरकटलेला एक बिंदू, आणि एकात एकाच दूरच्या बिंदूने ओढून नेलेली रेषा. आधी आलेख, मग गुणांक, हा क्रम म्हणून पाळायचा.

बिंदू तयार होतो तेव्हा

प्रत्येक बिंदूमागे एक मोजणी असते. साध्या पर्जन्यमापकात नरसाळ्यातून खालच्या बाटलीत जमलेले पाणी सकाळी साडेआठ वाजता अंश कोरलेल्या काचपात्रात ओतून वाचतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. सकाळच्या त्या नोंदीत आदल्या दिवशीच्या साडेआठपासूनचा पाऊस असतो. या पावसाची जोडी धरणातल्या आवकेशी लावायची असेल आणि तिची नोंद वेगळ्या वेळची असेल तर जोडी जुळवतानाच एका दिवसाची गफलत होते आणि पट्टा विनाकारण रुंदावतो. शिवाय मापक जिथे बसवला तिथलाच पाऊस तो मोजतो. वेल्ह्यासारख्या डोंगराळ मुलखात एका खोऱ्यातली सर शेजारच्या खोऱ्यात पोचेलच असे नाही. तरी अतिवृष्टीची ६५ मिलिमीटरची मर्यादा ओलांडली की नाही, ते अख्ख्या महसूल मंडळासाठी तिथल्या केंद्राच्या नोंदीवरून ठरते.

तिसरी राशी

भाटघर किंवा पानशेतसारख्या धरणासाठी क्ष-अक्षावर पाणलोटातला दिवसाचा पाऊस आणि य-अक्षावर धरणात आलेले पाणी मांडले, तर पट्टा चढता येणे अपेक्षित असते. तो चढताही असतो, पण बराच पसरट. त्याचे एक कारण महिन्यात आहे. जूनमध्ये उन्हाळाभर तापलेली जमीन पहिले पाणी पिऊन घेते, खाचरे आणि खड्डे भरतात आणि ओढ्याला फारसे काही उरत नाही. जुलैअखेर जमीन तुडुंब असते, भाताची खाचरे भरलेली असतात आणि तेवढ्याच पावसाचा मोठा हिस्सा वाहून धरणात येतो. क्ष एकच, य दोन. जूनचे बिंदू पोकळ वर्तुळांनी आणि ऑगस्टचे भरीव वर्तुळांनी दाखवले, की एका पसरट पट्ट्याच्या जागी दोन अरुंद पट्टे दिसू लागतात, एक खाली आणि एक वर. जुलैचे बिंदू या दोहोंच्या मधे पडतात. महिन्याच्या सुरुवातीचे खालच्या पट्ट्याजवळ, अखेरचे वरच्या.